कुलकर्णी शार्दूलविक्रीडितात मावत नाहीत

मराठी माणसाची वृत्तांशी आयुष्यात दोनदा गाठ पडते. एकदा शाळेत, व्याकरणाच्या मार्कांसाठी. आणि एकदा अंतरपाटाच्या अलीकडे, हातात हार घेऊन उभं असताना. पहिल्या खेपेला तो यमाचा, मारावा, ताराप, राधिका, जनास, भास्कर, समरा, नमन ही आठ नावं घोकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. यातला ‘ताराप’ मला त्या यादीबाहेर आजवर कुठेही भेटलेला नाही. दोन गुरू आणि एक लघू एवढं दाखवायला कुणीतरी त्याला जन्माला घातला, आणि तेवढं काम करून तो बिचारा पाठ्यपुस्तकातच राहिला. दुसऱ्या खेपेला समोर अस्सल वृत्त चालू असतं, पण तेव्हा फेटा टोचत असतो, फोटोग्राफर ‘इकडे बघा’ म्हणत असतो आणि अक्षता नेमक्या डोळ्यात जात असतात. लगक्रम मोजण्याच्या मनःस्थितीत कुणीच नसतं.

मोजायला हवा होता, असं माझं मत आहे. कारण मंगलाष्टकं हा आपल्याकडे अक्षरगणवृत्ताचा राहिलेला शेवटचा सार्वजनिक कार्यक्रम आहे. कवींनी वृत्त सोडून जमाना झाला, पण कार्यालयातल्या माइकने ते सोडलेलं नाही.

बहुतेक मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात असतात. म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरू. ओळीत १९ अक्षरं, आणि बाराव्या अक्षरावर यती. यती म्हणजे दम घ्यायची जागा. तिथे शब्द पुरा व्हायला हवा; नाही झाला तर त्याला यतिभंग म्हणतात. बाराच्या पुढे उरतात सात अक्षरं : गुरू गुरू लघू, गुरू गुरू लघू, गुरू. ‘कुर्यात्’पासून सुरू होऊन ‘मंगलम्’ला संपणारं जे पालुपद आपण जन्मभर ऐकतो, ते मोजून पाहा. बरोबर सात अक्षरं, बरोबर त्याच क्रमाने. म्हणजे ज्याला अष्टक रचायचं आहे त्याचं चौथ्या ओळीचं सात अक्षरांचं काम आधीच कुणीतरी करून ठेवलेलं आहे. त्याने फक्त बारा अक्षरं आणायची. लग्नघरात एवढी तयार सोय दुसऱ्या कुठल्याच खात्यात नसते.

तरीही माणसं अडतात, आणि मग माझ्याकडे येतात. ‘लिहिता ना तुम्ही काहीतरी’ एवढ्या पुराव्यावर मी नात्यागोत्यात मंगलाष्टकांचा माणूस ठरलो आहे. मागे एका वहिनींचा फोन आला. लेकीचं लग्न.

‘भावजी, एकच श्लोक द्या, पण त्यात दोघांची नावं हवीत. प्रियांका आणि अनिकेत. आणि त्यांचं आडनाव कुलकर्णी, तेही आलं तर व्याह्यांना बरं वाटेल.’

अनिकेत फोनवरच बसला. लघू लघू गुरू लघू : ओळीतली चौथी ते सातवी जागा जणू त्याच्यासाठीच रिकामी ठेवलेली. वहिनींना हे लगेच खटकलं. ‘मुलाकडचं बरं पटकन बसलं!’

प्रियांकाचं अवघड होतं. लघू गुरू गुरू. शार्दूलविक्रीडितात असे तीन शेजारी दोनच ठिकाणी सापडतात. एक जागा यतीच्या पुढे, पंधरा ते सतरा. दुसरी अकरा ते तेरा, म्हणजे ‘प्रियां’ यतीच्या अलीकडे आणि ‘का’ पलीकडे. वहिनींना लेकीचं नाव आशीर्वादाच्या ओळीत, म्हणजे चौथ्या ओळीत हवं होतं. तिथली पुढची सात अक्षरं पालुपदाने आधीच अडवलेली, आणि पहिल्या बारांत प्रियांकाला जागाच नाही. आई-बापांनी नाव ठेवताना पत्रिका पाहिली, नावरास पाहिली; गण कुणीच पाहिला नाही. म्हणजे देवगण-राक्षसगण पाहिला, यगण नाही.

‘घरात तिला पिंकी म्हणतो आम्ही,’ वहिनी म्हणाल्या. पिंकी, दोन गुरू, ओळीच्या अगदी सुरुवातीला बसते. पण मागून नवरीचा आवाज आला, आणि तो विषय तिथेच संपला.

खरी गंमत आडनावाची. कुलकर्णी : लघू लघू गुरू गुरू. सबंध एकोणीस अक्षरांत हा क्रम एकदाच येतो, दहा ते तेरा. आणि यती बारावर! म्हणजे कुलकर्ण्यांना शार्दूलविक्रीडितात यायचं तर स्वतःचे दोन तुकडे करूनच यावं लागतं. मी वहिनींना नमुना म्हणून ओळ करून दाखवली : ‘आले हो अवघेच थोर कुलकर्णी नाशिकाहून ते’. वाचायला ठीक वाटते. आता ती माइकवर चालीत म्हणून पाहा. ‘आले हो अवघेच थोर कुलकर्...’, इथे मावशी श्वास घेणार, पेटीवाला सूर भरणार, सगळं कार्यालय पुढे काय याची वाट बघणार, आणि मग ‘णी नाशिकाहून ते’. हे ‘णी’ कोण आणि नाशिकहून कशासाठी आले, असं मागच्या रांगेतल्यांना वाटेल. याला म्हणतात यतिभंग. पुस्तकातली व्याख्या वाचून जे कळत नाही ते कार्यालयात एका आडनावात कळतं.

त्यानंतर मला आडनावं तपासायचा नादच लागला. गायकवाड तिसऱ्या अक्षरापासून सातव्यापर्यंत असे बसतात की बोट ठेवायला जागा नाही. देशमुख आठ ते अकरा. फडणीस तर अनिकेतच्याच खुर्चीत. देशपांडे यतीच्या पलीकडे, चौदापासून सतरापर्यंत आरामात पाय पसरून. जोशी, शिंदे, कर्वे दोन-दोन गुरूंची माणसं, कुठेही सामावून घेता येतात. पाटलांना तर तीन ठिकाणी जागा आहे, पाटलांना नेहमीच असते. चव्हाणही बसतात, पण त्यांच्यात एक मराठी खुबी आहे. संस्कृतच्या नियमाने जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू व्हायला हवं. पण ‘व्हा’ म्हणताना आपण ‘च’वर जोर देत नाही, त्यामुळे तो लघूच राहतो. तुम्ही, तुझ्या, वऱ्हाडी : सगळीकडे हाच न्याय. आघात नाही तर वजन नाही. मराठीने संस्कृतकडून वजनकाटा घेतला, पण तोलताना कान आपलाच ठेवला.

आणि सहस्रबुद्धे? ते शार्दूलविक्रीडितात कुठेच मावत नाहीत. यती मोडूनही नाहीत. कुलकर्ण्यांना निदान मालिनीत सन्मानाने घर आहे. मालिनीत यती आठव्या अक्षरावर पडते, आणि पाच ते आठ या जागा बरोबर कुलकर्ण्यांच्या मापाच्या : ‘णी’ संपते आणि दम घ्यायचा. सहस्रबुद्ध्यांसाठी मी एकेक वृत्त धुंडाळत गेलो. शेवटी उपेंद्रवज्रा सापडलं. ज, त, ज, ग, ग, अकरा अक्षरं. त्याच्या पहिल्या पाच अक्षरांत सहस्रबुद्धे बसतात आणि शेवटच्या पाचांतही बसतात, मधे एक लघू उरतो. म्हणजे ‘सहस्रबुद्धे व सहस्रबुद्धे’ ही एक निर्दोष उपेंद्रवज्रा ओळ आहे. दुर्दैव एवढंच की दोन्हीकडचे सहस्रबुद्धे एकमेकांच्या घरी सोयरीक करत नाहीत, त्यामुळे इतकी देखणी ओळ वापरायचा योग यायचा नाही.

हा उद्योग करताना एक गोष्ट नव्याने लक्षात आली. ‘उपेंद्रवज्रा’ हे नाव तरी कसं आहे? लघू गुरू लघू गुरू गुरू. हुबेहूब सहस्रबुद्धे! म्हणजे वृत्ताचं नाव त्या वृत्तातच बसतं. मग मी बाकीची नावं तपासली. ‘शार्दूलविक्रीडितम्’ मोजा : गुरू गुरू लघू, गुरू गुरू लघू, गुरू. यतीनंतरची तीच सात अक्षरं. पालुपदाच्या जागी वाघाचं नाव घातलं तरी चाल मोडणार नाही, आशीर्वाद जरा भीतिदायक होईल एवढंच. ‘मंदाक्रांता’ म्हणजे चार गुरू, आणि मंदाक्रांतेच्या ओळीची सुरुवात चार गुरूंनीच होते. त्या चारांनंतर पहिली यती. कालिदासाचा यक्ष अख्ख्या मेघदूतात असा जड पावलांनी निघतो. ‘द्रुतविलंबित’ ही त्याच्या ओळीतली पहिली सहा अक्षरं. ‘भुजंगप्रयात’ म्हणजे दोन यगण, शेवटचा ‘त’ जरा ताणला की झाली अर्धी ओळ. जुन्या लक्षणकारांनी हे जाणूनबुजून केलं. वृत्ताचं लक्षण त्याच वृत्तात सांगायचं आणि त्यात नावही ओवायचं, अशी त्यांची शिस्त होती. सापाच्या चालीच्या वृत्ताचं नाव सापासारखंच चालतं. हिशेबाच्या वहीत इतकी हौस मी दुसऱ्या कुठल्याही शास्त्रात पाहिलेली नाही.

हिशेब म्हणाल तर तोही कच्चा नाही. पिंगलाच्या छंदःशास्त्रात प्रस्ताराची रीत आहे : अमुक अक्षरांत लघू-गुरू किती प्रकारे मांडता येतील ते एकाखाली एक लिहून काढायची. एका अक्षराचे दोन, दोनांचे चार, तिनांचे आठ, म्हणून गण आठ. बाराचे ४,०९६. एकोणिसांचे ५,२४,२८८. यातलं एक शार्दूलविक्रीडित. बाकीच्या लाखो वृत्तांत कुलकर्ण्यांची सोय कितीदा झाली असेल. पण मंगलाष्टकांनी नेमकं हेच धरलं. प्रस्तारातली एखादी ओळ हरवली तर नुसत्या क्रमांकावरून ती परत उभी करायच्या रीतीला ‘नष्ट’ म्हणतात, आणि ओळीवरून क्रमांक काढायला ‘उद्दिष्ट’. सरकारी दफ्तरात अशी ‘नष्ट’ची सोय असती तर किती फायली परत आल्या असत्या! आठ गण लक्षात ठेवायला जे ‘यमाताराजभानसलगं’ आपण घोकलं, तेही नुसतं आद्याक्षरांचं गाठोडं नाही. त्यातली कुठलीही सलग तीन अक्षरं घ्या, एकेक गण मिळतो. दहा अक्षरांत आठही, कुणी दोनदा नाही.

या पिंगलाचं पुढे काय झालं, तर त्याला समुद्रकाठी मगरीने मारलं. पंचतंत्रात एक श्लोक आहे : पाणिनीला सिंहाने खाल्लं, जैमिनीला हत्तीने तुडवलं, पिंगलाला मगरीने मारलं, जनावरांना गुणांची काय कदर! खरंखोटं पंचतंत्राला माहीत. मला त्यातलं आवडतं ते हे, की ती बातमी देणारा श्लोक शार्दूलविक्रीडितात आहे. छंदःशास्त्राचा कर्ता मगरीच्या जबड्यात गेला, पण यती बाराव्या अक्षरावर पडली म्हणजे पडली.

मराठीत हा सगळा पसारा आवरायला माधव ज्यूलियन बसले. माधव त्रिंबक पटवर्धन. प्रेमकवी म्हणून गाजलेला आणि फारसीचा प्राध्यापक असलेला हा माणूस मात्रा मोजायला बसला की सावकाराइतका कठोर होई. त्यांची ‘छंदोरचना’ १९२७ साली आली आणि दहा वर्षांनी दुप्पट तयारीने पुन्हा आली. १९३८ मध्ये तिच्यासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. फारसीतल्या वजनांना त्यांनी मराठी-संस्कृत नावं दिली. ‘गालगागा’ चार वेळा म्हटलं तर व्योमगंगा. ‘लगागागा’ चार वेळा म्हटलं तर वियद्गंगा. दोन्हींचा अर्थ आकाशगंगाच. एकाच आकाशगंगेला दोन नावं कशाला, असं वाटत असेल तर नावं मोजा : व्योमगंगा हे स्वतः गालगागा आहे आणि वियद्गंगा हे स्वतः लगागागा. जुन्या लक्षणकारांची रीत विसाव्या शतकात कोल्हापूरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाने अशी न बोलता चालू ठेवली.

गझलवाली मंडळी आजही याच भाषेत बोलतात. त्यांच्या बैठकीत बसलात तर ‘लगावली सांगा’, ‘दुसऱ्या मिसऱ्यात एक मात्रा वाढतेय’, ‘अलामत सांभाळली नाहीत’ असले शेरे ऐकू येतील, आणि बोलणारा कधी बँकेतला असतो, कधी शेतावरून आलेला. ओळीचा शेवट हे त्यांचं खास खातं. प्रत्येक शेराच्या अखेरीला जसाच्या तसा येतो तो रदीफ, त्याच्या आधी यमक जुळतं तो काफिया, आणि काफियातल्या ठरलेल्या अक्षराआधीचा जो स्वर बदलू द्यायचा नाही, ती अलामत. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून हे सगळं नवशिक्यांच्या हातात ठेवलं नसतं तर अर्ध्या महाराष्ट्राने गझल या नावाखाली नुसत्या कविताच लिहिल्या असत्या. काहीजण अजूनही लिहितात. मंगलाष्टकाचं पालुपद आणि गझलेचा रदीफ यांत मला तरी फार अंतर दिसत नाही : दोन्ही ठिकाणी ऐकणाऱ्याला शेवट आधीपासून ठाऊक असतो, आणि तरी तो तिथे पोचण्याची वाट बघतो. एकीकडे त्यावर ‘वाहवा’ येते, दुसरीकडे अक्षता.

अभंगाची तऱ्हा निराळी. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, आणि चौथा बाजूला मोकळा. लहान अभंगात आठ-आठ. अक्षरं मोजायची, वजन पाहायचं नाही. म्हणताना सगळीच अक्षरं लांबवून म्हणायची, म्हणजे सगळीच गुरू. वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात, त्यालाही हे शोभूनच दिसतं. ओवी त्याहून सैल. जात्यावरच्या बाईला दळण संपवायचं असतं, गण जुळवायचे नसतात. तीन चरण यमकाने बांधायचे आणि चौथा आखूड ठेवून सोडून द्यायचा. दाणे संपेपर्यंत चाल टिकली म्हणजे झालं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. इतक्या ओव्या रचणाऱ्या बायांपैकी एकीनेही यमाचा-ताराप केलं नव्हतं.

आता राहिला सवलतींचा प्रश्न. अक्षरगणवृत्त बाहेरून दिसतं तितकं निर्दय नाही. ओळीच्या मधे एक लघू इकडचा तिकडे झाला तर वृत्त कोसळतं. पण ओळीच्या शेवटच्या अक्षराला माफी आहे. तिथे लघू असला तरी तो गुरू धरतात, कारण शेवटी आवाज लांबतोच. शिवाय शब्दांनाही थोडं ताणता-आखडता येतं. संस्कृत पंडितांनी तर सांगूनच ठेवलंय की उडदाच्या ‘माषा’चा खुशाल ‘मष’ करा, पण छंद मोडू नका. आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांनीही पद्यात ऱ्हस्व-दीर्घाची ही मोकळीक मान्य केली आहे. गद्य लिहिणाऱ्याने ‘आणि’ची ‘आणी’ केली की तो अडाणी, कवीने केली की वृत्तासाठी.

वहिनींच्या त्या फोनपासून माझी बोटं चालता-बोलता मोजत असतात. त्यांच्या लेकीच्या लग्नात मुहूर्त आला तरी व्यवस्थापक दार अडवून उभा होता. तेव्हा एकीकडे पैशांची जमवाजमव करताना दुसरीकडे डोक्यात ओळ तयार झाली : ‘हॉलाचे भरले कुणी न अजुनी भाडे, वऱ्हाडी उभे’. एकोणीस अक्षरं, यती जागच्या जागी, ‘वऱ्हाडी’तला ‘व’ लघू. कुणाला म्हणून दाखवायची ती वेळ नव्हती. ज्या वृत्तात समर्थांनी मनाचे २०५ श्लोक लिहिले ते भुजंगप्रयात तर गाऱ्हाण्यांसाठी फारच सोयीचं आहे. चार यगण, सुरुवातीला लघू असल्यामुळे माणूस आधी जरा मागे सरतो आणि मग दोन गुरूंनी अंगावर येतो. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत पाण्याचे आणि दिव्यांचे एकदमच हाल झाले. अर्ज देऊन कुणी ढुंकून बघत नव्हतं. मग मी फळ्यावर खडूने लिहिलं : ‘नळाला न पाणी, विजेचा न पत्ता’.

संध्याकाळी परत आलो तर खाली खजिनदारांच्या अक्षरात दुसरी ओळ होती : ‘कमीटी म्हणे की, भरा आधि हप्ता’.

मी जागच्या जागी बोटांवर मोजली. कमिटीची ‘मि’ ताणून दीर्घ केलेली, ‘आधी’ची ‘धी’ आखडून ऱ्हस्व केलेली. एक मात्रा उसनी घेतली आणि तिथल्या तिथे परत केली. यमकही पक्कं. माझा हप्ता थकलेला नव्हता, ती थकबाकी तिसऱ्या मजल्यावरच्यांची होती. पण इतक्या साफ भुजंगप्रयाताला उत्तर द्यायचं तर निदान तिसरी ओळ हवी, आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांचं आडनाव कुलकर्णी आहे.